परसातला मरवा : लागण, निगा आणि तोडणी

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी उसाविषयी लिहितो. लागण, बेणे, खताच्या मात्रा, पाचट, खोडवा, हुमणी. या अंकात मात्र दारातल्या दोन-चार हात जागेविषयी लिहिणार आहोत. गटातून फिरताना सभासदांच्या घरी चहाला बसलो की घरातून एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, तुम्ही सांगता तसा ऊस येतो, मग आमचा मरवा का टिकत नाही? आणला की महिन्या-दोन महिन्यांत जळून जातो." विचारणाऱ्या बहुतेक भगिनीच असतात आणि त्यांतल्या कित्येक जणी स्वतः कारखान्याच्या सभासद आहेत. तेव्हा या प्रश्नाचे उत्तरही नीट, मुद्देसूद द्यायला हवे.

थोडक्यात सांगायचे तर मरवा बहुतेक घरी जास्तीच्या काळजीने मरतो. आपल्या घरात ऊस पिकतो, म्हणून हाताला उसाची सवय असते. भरपूर पाणी, मुठीने युरिया आणि जमिनीलगत तोडणी. उसाच्या या तिन्ही सवयी मरव्याला लावल्या की तो गेलाच म्हणून समजावे. त्यातली पाण्याची सवय तर उसालाही फारशी मानवत नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहेच.

मरव्याची ओळख

मरवा हा तुळशीच्या कुळातला. शास्त्रीय नाव ओरिगॅनम मेजोराना, इंग्रजीत स्वीट मार्जोरम. संस्कृतात त्याला मरुबक म्हणतात, कानडीत मरुगा, हिंदीत मरुआ. झाड फूट-दीड फूट उंचीचे, पुष्कळ फांद्यांचे. खोड कोवळेपणी चौकोनी, पाने समोरासमोर जोडीने, लहान, अंडाकृती आणि राखाडी-हिरवी. पानावर बारीक लव असल्याने ते बोटाला मखमलीसारखे लागते. फुले अगदी लहान, पांढरी किंवा फिकट गुलाबी. पण फूल उमलण्याआधी शेंड्याला हिरव्या गोल गाठीसारख्या कळ्या येतात. ही गाठ लक्षात ठेवावी, तोडणीच्या वेळी ती कामाला येणार आहे.

मरवा आणि दवणा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. त्याची पाने बारीक चिरल्यासारखी, चंदेरी असतात आणि तो शेवंतीच्या कुळातला आहे. वेणीत आणि हारात दोन्ही घालतात, पण झाडे वेगळी. मुले पिझ्झ्यावर भुरभुरून खातात तो ऑरेगॅनो मात्र मरव्याचा सख्खा चुलतभाऊ. त्याचा वास उग्र, मरव्याचा गोडसर.

मरव्याचे मूळ गाव सायप्रस बेट आणि दक्षिण तुर्कस्तान. म्हणजे भूमध्य समुद्राचा पूर्वेकडचा मुलूख. तिथे पाऊस पडतो तो थंडीत, उन्हाळा कोरडा जातो, आणि डोंगरउताराची जमीन दगडगोट्यांची, चुनखडीची असते. पाणी पडले की वाहून जाते, मुळाशी थांबत नाही. मरव्याचा स्वभाव या जमिनीत घडलेला आहे. ऊन त्याला हवे, थोडी कोरड तो सोसतो, पण मुळाशी तुंबलेले पाणी त्याला चालत नाही. आपल्याकडे पाऊस येतो तो नेमका उबेच्या दिवसांत, आणि जमीन बहुतेक काळी, चिकट. एवढे ध्यानात आले की पुढची सगळी निगा आपोआप समजते.

युरोपच्या थंड भागात बर्फाने मरवा मरतो, म्हणून तिथे दरवर्षी नव्याने पेरतात. आपली थंडी त्याला उलट मानवते. पावसाळ्यातून तरला तर एक झाड दोन-तीन वर्षे सहज राहते.

जागा आणि जमीन

१) दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. सावलीत झाड लांबट, फिकट होते आणि वास कमी येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर थोडी सावली पडली तर चांगलेच.

२) मोरीचे पाणी वाहते त्या बाजूला, रांजणाखाली किंवा जनावरांच्या गोठ्याच्या उताराला मरवा लावू नये. तिथे केळ, अळू लावावे. त्यांना ती जागा मानवते.

३) घराजवळ उसाची सरी असेल तर तिच्यापासून शक्य तितके दूर राहावे. कारण पुढे तणनाशकाच्या मुद्द्यात दिले आहे.

४) दोन मीटर लांब, एक मीटर रुंद असा एक वाफा घरच्या गरजेला पुष्कळ होतो. एक फुटाच्या अंतराने त्यात १८ रोपे बसतात. वाफा सपाट करू नये. जमिनीपासून सहा ते नऊ इंच उंच गादीवाफा करावा.

५) भारी काळी जमीन असेल तर खाली चार बोटे मुरूम किंवा विटांचे तुकडे पसरावेत. त्यावर पोयटा दोन भाग, वाळू किंवा बारीक मुरूम एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग अशी मिसळलेली माती भरावी. आपल्या भागातील जमिनी बहुधा चुनखडीच्या आहेत. मरव्याला थोडी चुनखड चालते, त्याची काळजी नको.

६) जागा नसेल तर कुंडी घ्यावी. तोंड आठ ते दहा इंच पुरे. तळाला भोक असलेच पाहिजे आणि ते मातीने बुजता कामा नये. पत्र्याचा जुना डबा चालेल, मात्र ज्यात औषध किंवा तणनाशक होते असा डबा-कॅन कितीही धुतला तरी घेऊ नये.

लागण

मरवा बियांपासूनही येतो आणि काडीपासूनही. बी खसखशीसारखे बारीक असते. ते कुंडीत किंवा ट्रेमध्ये मातीवर विरळ भुरभुरावे, वर चाळलेली माती नुसती दिसेल न दिसेल इतकी टाकावी आणि झारीने किंवा फवाऱ्याने हलके पाणी द्यावे. साधारण आठ ते चौदा दिवसांत उगवण होते. दाट पेरले आणि माती ओलीगच्च ठेवली तर कोवळी रोपे मानेत कुजून कोलमडतात. तीन इंच उंचीची रोपे झाली की जागेवर लावावीत.

पण आमची शिफारस काडीचीच आहे. शेजारणीकडे चांगल्या वासाचा मरवा असेल तर त्याच्याच काड्या आणाव्यात. वास तोच येतो आणि दीड-दोन महिने वाचतात.

काडी निवडताना बेण्याचाच नियम लावावा. निरोगी झाड, कोवळी पण लिबलिबीत नसलेली फांदी आणि शेंड्याला कळी नसलेली. तीन ते चार इंचांची काडी पानाच्या जोडीच्या खालून धारदार कात्रीने कापावी. खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून टाकावीत. दोन पेरी मातीत आणि दोन-तीन पानांच्या जोड्या वर, अशी काडी उभी खोचावी. उसाची दोन डोळ्यांची टिपरी आपण आडवी पुरतो. मरव्याची काडी आडवी पुरली तर कुजते, हे नव्या मुलाबाळांना सांगून ठेवावे.

काड्या सावलीत ठेवाव्यात. माती ओलसर असावी, चिखल नसावा. तीन ते चार आठवड्यांत मुळ्या सुटतात. काडी हलकेच ओढून पाहावी, हाताला अटकाव जाणवला की मूळ धरले. मग चार-सहा दिवस सकाळचे कोवळे ऊन दाखवून रोप वाफ्यात लावावे.

सोपा आणखी एक मार्ग आहे. जुन्या झाडाची खालची फांदी जमिनीला टेकवून तिच्यावर मूठभर माती टाकावी आणि वर दगड ठेवावा. महिन्या-दीड महिन्यात तिथे मुळ्या सुटतात, मग आईपासून कापून वेगळी लावावी. ज्यांना काडी जमत नाही त्यांनी हा दाबाचा प्रकार करावा.

लागणीचा हंगाम पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. पूर्वहंगामी आणि सुरू उसाची गडबड असते तेव्हाच. पण हे काम पुरुष माणसाला थांबवून धरणारे नाही, अर्ध्या तासाचे आहे.

पाणी : खरा मुद्दा

एका वस्तीवर आम्हाला तीन वर्षांत तीनदा लावून गेलेला मरवा दाखवला. आजी म्हणाल्या, "रोज दोन तांबे पाणी घालते बघा, तुळशीला घालते तसंच. कधी चुकवलं नाही." आम्ही झाड उपटून मुळी पाहिली. पांढरी मुळी नावाला नव्हती. सगळी तपकिरी, बोटाने चोळली की साल निघत होती आणि कुजका वास येत होता. पाने मात्र वाळलेली. वाळलेले पान पाहून आजींनी आणखी पाणी वाढवले होते.

हे दुखणे सगळीकडे आहे. मूळ कुजले की ते पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभे असलेले झाडही तहानलेल्यासारखे माना टाकते. माणूस पाहतो पान, आणि दुखणे असते मुळात. म्हणून मरवा कोमेजलेला दिसला तर तांब्याकडे हात नेण्याआधी मातीत बोट घालावे.

बोटाची दोन पेरे मातीत जातील इतके बोट खोचावे. तिथे ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर पुरेसे पाणी द्यावे, कुंडीच्या भोकातून थोडे बाहेर येईल इतके, आणि परत बोट कोरडे लागेपर्यंत थांबावे. थंडीत वाफ्याला साधारण चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड पाणी लागेल. कुंडीला उन्हाळ्यात रोजही लागेल. पण दिवस मोजून पाणी देऊ नये, बोट सांगेल तेव्हाच द्यावे. नवे रोप लावल्यावर पहिले पंधरा दिवस मात्र माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये.

पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. पानावर संध्याकाळी पाणी मारले की रात्रभर ओल राहते आणि बुरशीला संधी मिळते. साबणाचे, सोड्याचे, भांड्यांचे पाणी मरव्याला घालू नये. त्यातला क्षार मातीत साठतो आणि माती चिकट, बंद होते. कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसू लागला किंवा पानाच्या कडा जळू लागल्या तर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारे आहे असे समजावे. अशा वेळी पावसाचे साठवलेले किंवा गोडे पाणी एकदा भरपूर देऊन ते खालच्या भोकातून वाहून जाऊ द्यावे, म्हणजे क्षार धुऊन निघतो.

आता सभासद बंधूंनी हीच गोष्ट रानात नेऊन पाहावी. जमिनीत माती, पाणी आणि हवा यांचा मेळ असतो त्याला आपण वाफसा म्हणतो. पीक वाढते ते वाफशावर. उसाच्या मुळालाही हवा लागतेच. ऊस दणकट आहे म्हणून काही काळ सोसतो एवढेच. वीज आली की मोटार सुरू करायची, पाटाने सरी तुडुंब भरायची आणि पाळी आली म्हणून ओलीवर ओल द्यायची, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला की खालची पाण्याची पातळी वर येते. त्या पाण्याबरोबर क्षारही वर येतात. पाणी उडून जाते, क्षार वर राहतात. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या सोन्यासारख्या जमिनी अशाच क्षारपड आणि चोपण झाल्या. त्या परत वळणावर आणायला जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकावे लागतात, आणि तो खर्च एकट्यादुकट्याला पेलत नाही.

जास्तीचे पाणी झालेला मरवा महिन्याभरात बोलून दाखवतो. जमीन मात्र दहा-वीस वर्षे गप्प बसते आणि मग एकदम बोलते. म्हणून दारातल्या कुंडीत बोट घालून पाणी देण्याची सवय घरातल्या मुलाला लागली, तर उद्या तो सरीतली माती मुठीत दाबून पाहिल्याशिवाय दारे धरणार नाही. आम्ही या पानावर मरव्याला जागा दिली त्याचे मोठे कारण हेच आहे.

खत

मरव्याची भूक थोडी. लागणीच्या वेळी मातीत मिसळलेले शेणखत पुरते. पुढे प्रत्येक तोडणीनंतर दर झाडाला एक मूठ गांडूळखत किंवा चाळलेले कुजके खत बुंध्यापासून चार बोटे दूर घालावे. कारखान्याकडून आणलेले प्रेसमडचे खत घालायचे असेल तर ते पूर्ण कुजलेले, थंड आणि भुसभुशीत असावे. ताजी प्रेसमड कुजताना तापते आणि मुळी भाजते.

युरिया अजिबात देऊ नये. युरियाने चार दिवसांत झाड हिरवेगार, लुसलुशीत दिसते, पाहणाऱ्याला आनंद होतो. पण फांद्या लांबतात, मावा लागतो आणि पान चोळले तर वास फिका येतो. मरवा आपण वासासाठी लावतो, वजनासाठी नव्हे.

खुरपणी, शेंडा खुडणे आणि पाचट

रोप पाच-सहा इंचांचे झाले की प्रत्येक फांदीचा शेंडा नखाने खुडावा. शेंडा खुडला की खालच्या पानांच्या बगलेतून दोन-दोन फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. बाळबांधणीत उसाचे फुटवे आपण जपतो तशीच ही गोष्ट. खुडलेले शेंडे वेणीत घालावेत, वाया काहीच जात नाही.

तण लहान असतानाच हाताने काढावे. मुळ्या वरच्या थरात असतात, म्हणून खोल खुरपू नये. उन्हाळ्यात बारीक केलेल्या पाचटाचा पातळ थर द्यावा, पण बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. पावसाळ्याआधी हे पाचट उचलून टाकावे, नाहीतर बुंधा कुजतो. मरव्याला मातीची भर देऊ नये.

तणनाशक, कीड आणि रोग

उसातील रुंद पानांच्या तणांसाठी आपण २,४-डी वापरतो. मरवा हेही रुंद पानाचेच झाड. वाऱ्याबरोबर आलेला त्याचा अंशसुद्धा मरव्याची, मिरचीची, टोमॅटोची पाने वाकडी-पिळलेली करतो. तेव्हा वारा घराकडे वाहत असताना घराजवळच्या सरीत तणनाशक मारू नये. ज्या पंपाने २,४-डी, अट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन मारले तो पंप परसबागेत आणूच नये, धुतलेला असला तरी. परसबागेसाठी लहान हातपंप वेगळा ठेवावा आणि त्यावर रंगाने खूण करावी.

मावा आणि लाल कोळी या दोनच किडी साधारणतः त्रास देतात. मावा कोवळ्या शेंड्यावर बसतो. कोळी उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी करतो आणि पान ठिपक्याठिपक्यांनी फिके पडते. पहिला उपाय म्हणजे सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारणे. त्याने भागले नाही तर ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून फवारावी. फवारल्यावर आठवडाभर तोडणी करू नये आणि पुढे पाने धुऊन वापरावीत. घरात खाण्याच्या, केसांत माळण्याच्या झाडावर शेतातले विषारी औषध मारू नये.

मूळकुजीला औषध शोधत बसू नये. झाड माना टाकू लागले तर त्याच्या चांगल्या शेंड्यांच्या काड्या त्याच दिवशी दुसऱ्या मातीत लावाव्यात. झाड गेले तरी वाण हातात राहतो.

तोडणी केव्हा आणि कशी

उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते आणि रान उभे राहिले तर पुढे कांडी पोकळ पडते, हे आपण जाणतो. मरव्याचेही तसेच. शेंड्याला हिरव्या गाठी दिसू लागल्या, पण फूल उमलले नाही, त्या वेळी पानात सुगंधी तेल भरपूर असते. फुले उमलून बी धरू लागले की झाडाची ताकद तिकडे जाते, पाने लहान आणि जून होतात. म्हणून गाठ दिसताच तोडणी करावी. थंडीत पुष्कळदा गाठी लवकर येत नाहीत. अशा वेळी फांदी वीतभर झाली की तोडावी, गाठीची वाट पाहू नये. काडीच्या रोपाची पहिली तोडणी वाफ्यात लावल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांनी येते.

उसाची पक्वता पाहायला आपल्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे. मरव्याचा रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे आपले नाक. एक पान चोळून वास घ्यावा, दर तोडणीला लक्ष ठेवले की फरक आपोआप कळतो.

वेळ सकाळची. दव उडून गेलेले असावे आणि ऊन तापलेले नसावे. दव असताना तोडलेला मरवा काळा पडतो, दुपारी तोडलेल्याचा वास उडालेला असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऊस जमिनीलगत तोडा, असे आम्हीच टोळीला ओरडून सांगतो. कारण उसाचे पुढचे डोळे जमिनीखालच्या बुडख्यावर असतात. मरव्याचे डोळे मात्र जमिनीवर, पानांच्या बगलेत असतात. त्याला जमिनीलगत कापले तर फुटायला डोळाच उरत नाही आणि झाड मरते. म्हणून मरवा जमिनीपासून किमान चार बोटे वर, खाली दोन-तीन हिरव्या पानांच्या जोड्या ठेवून कापावा. नुसत्या लाकडी, पाने नसलेल्या भागात कापू नये. पहिल्या तोडणीला झाडाचा एक तृतीयांशच भाग घ्यावा. झाड पक्के झाल्यावर निम्मा घेतला तरी चालतो. हाताने ओरबाडू नये, मूळ हलते. कात्री किंवा धारदार विळी घ्यावी.

तोडल्यावर एक मूठ खत आणि एक पाणी दिले की नवे फुटवे येतात. हाच मरव्याचा खोडवा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोडणीला येतो. वर्षात तीन ते चार तोडण्या मिळतात. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडी होतो, फुटवे कमी येतात. तेव्हा खोडवा ठेवत न बसता नवी लागण करावी.

वाळवण आणि साठवण

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा म्हणतो, तशीच घाई इथेही आहे. तोडलेल्या मरव्याचा ढीग करून ठेवू नये. ढिगात ऊब धरते आणि पाने काळी पडतात. लगेच पाहून, पिवळी पाने काढून, धूळ असेल तर पटकन धुऊन पाणी झटकावे. दहा-बारा फांद्यांच्या सैल जुड्या बांधून उलट्या टांगाव्यात, किंवा सुती फडक्यावर पातळ पसराव्यात. जागा सावलीची, वारा खेळती. उन्हात वाळवले तर रंगही जातो आणि वासही. चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे.

आठवडा-दहा दिवसांत पान चुरचुरीत होते आणि काडी वाकवली की मोडते. तेव्हा पाने काडीवरून ओरबाडून घ्यावीत. ती अख्खीच काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकणाखाली भरून फडताळात ठेवावीत. वापरतानाच चुरावीत. बरणीच्या आत दुसऱ्या दिवशी दमट वाफ दिसली तर पाने पुन्हा पसरावीत. ओल्या मरव्याचा वाळून साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरतो. वाळल्यावरही सुवास टिकवून धरणारी थोडी झाडे आहेत, त्यांत मरवा आहे. नीट ठेवला तर वर्षभर पुरतो. पावसाळ्यात मात्र वाळवण करू नये, बुरशी येते.

उपयोग

अबोलीच्या किंवा शेवंतीच्या वेणीत मरव्याचे चार शेंडे घातले की वेणीला वेगळाच दरवळ येतो, हे भगिनींना आम्ही सांगायला नको. देवाच्या हारात आणि कपड्यांच्या पेटीतही तो चालतो. आपल्या स्वयंपाकात त्याची फारशी पद्धत नाही. युरोपात, विशेषतः जर्मनी-पोलंडकडे, मांसाचे पदार्थ, कडधान्ये, बटाटा आणि सूप यांत तो घालतात. आपल्याकडे टोमॅटोच्या सारात, बटाट्याच्या भाजीत किंवा ऑम्लेटमध्ये चिमूटभर घालून पाहावा. उतरवताना शेवटी घालावा, फार उकळला तर वास जातो.

एक सावधगिरीची सूचना. कान दुखला की मरव्याचा रस पिळून कानात घालण्याची काही घरांत रीत आहे. तसे करू नये, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. कानाचा पडदा फाटलेला असला तर इजा होते. डॉक्टरकडे जावे. गरोदर भगिनींनी मरव्याचा काढा किंवा तेल पोटात घेऊ नये. भाजीतली चिमूट वेगळी, औषधाची मात्रा वेगळी.

वर्षाचे काम एका नजरेत

ऑक्टोबर-नोव्हेंबर : काड्या लावणे, गादीवाफा तयार करणे, रोपे जागेवर लावणे.

डिसेंबर-जानेवारी : शेंडे खुडणे, तण काढणे, पाणी बेताने.

फेब्रुवारी-मार्च : पहिली पूर्ण तोडणी, वाळवण, एक मूठ खत.

एप्रिल-मे : दुपारची सावली, पाचटाचा पातळ थर, कोळीवर लक्ष. दुसरी तोडणी मेच्या आत.

मेअखेर : पाचट काढणे, आतल्या दाट फांद्या विरळ करणे. नव्या चार-पाच काड्या कुंडीत लावून ठेवणे. हा आपला विमा.

जून ते सप्टेंबर : कुंड्या वळचणीला आत, पण उजेडात. वाफ्यातले पाणी निघून जाण्यासाठी चर. खत नाही. वेणीपुरतेच शेंडे खुडणे.

सभासद भगिनींनो, मरवा हे उसाला पर्याय असलेले पीक नव्हे आणि त्यातून बिल निघेल असेही आम्ही सांगत नाही. पण घरची वेणी, घरची बरणी आणि शेजारणीला द्यायला चार काड्या एवढे दोन मीटरच्या वाफ्यातून नक्की निघते. ज्यांच्याकडे चांगला मरवा आहे त्यांनी मेअखेर काड्या लावताना दोन जास्त लावाव्यात आणि ज्यांचा गेला त्यांना द्याव्यात. मुळी कुजलेले झाड गट ऑफिसला आणून दाखवले तर आमचे शेतकी मदतनीस पाहून सांगतील. येताना उसाच्या सरीतली मूठभर मातीही आणावी. दोन्हीची ओल एकाच वेळी पाहता येईल.